बाबासाहेबांची आठ वाक्यं आणि मूडचा तक्ता

एम. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्पासाठी आमच्या वर्गात बहुतेकांनी कादंबऱ्या घेतल्या. मला व्याकरणात रस, म्हणून मी फंक्शनल ग्रामर घेतलं, म्हणजे वाक्यातला कुठला भाग काय काम करतो ते बघणारं व्याकरण, आणि त्यातला 'मूड' हा भाग. मजकूरही मनात ठरलेला होता: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण, म्हणजे संविधान स्वीकारलं गेलं त्याच्या आदल्या दिवशीचं. अख्खं भाषण घ्यायचा माझा बेत मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत मोडीत काढला. "आठ-दहा वाक्यं घे, पण त्यातला एकही शब्द सुटता कामा नये," म्हणाल्या. मग '२६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत' या वाक्यापासून ते राजकीय लोकशाहीची इमारत उडवून दिली जाईल या इशाऱ्यापर्यंतचा तुकडा पक्का केला. बरोबर आठ वाक्यं.

असं काही करणार असाल तर आधी मजकूर तपासून घ्या. या भाषणाच्या ज्या प्रती इंटरनेटवर फिरतात, त्यांतल्या बऱ्याच प्रतींत शेवटच्या वाक्यात 'धिस असेंब्ली'चं 'इज असेंब्ली' झालंय आणि 'सो लेबोरियसली'चं 'टू लेबोरियसली'. वाचताना डोळा सहज पुढे सरकतो, पण क्रियापदं वेचायला बसलात की ते भलतंच 'इज' हाती येतं आणि वाक्य कुठेच बसत नाही.

आता मूड म्हणजे काय ते. शाळेत मराठीच्या व्याकरणात आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ शिकतो आणि ते क्रियापदाच्या रूपावरून ओळखतो. फंक्शनल ग्रामर मांडणारे भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांच्या व्याकरणात मूड हा अख्ख्या उपवाक्याचा मामला आहे. उपवाक्यात सब्जेक्ट कोण आणि फायनाइट कुठलं, एवढं शोधायचं. फायनाइट म्हणजे 'विल', 'मस्ट', 'इज', 'हॅज' यांच्यासारखा तो छोटा तुकडा, जो काळ किंवा बोलणाऱ्याचा कल सांगतो. हे दोन मिळून मूडचा गट होतो. उरलेलं सगळं, म्हणजे प्रेडिकेटर (क्रियापदाचा उरलेला भाग), कॉम्प्लिमेंट (कर्म किंवा पूरक) आणि बहुतेक ॲडजंक्ट (कधी, कुठे, कसं ते सांगणारे तुकडे), रेसिड्यूत, म्हणजे 'बाकी'त जातं. आधी सब्जेक्ट मग फायनाइट आलं की विधान. फायनाइट पुढे उडी मारून आलं की प्रश्न. दोन्ही गायब असले की बहुतेक वेळा आज्ञा. आपल्याकडे शेवटी 'का' लावला की प्रश्न तयार, त्यामुळे क्रमावर एवढं काही अवलंबून असतं हे सुरुवातीला अंगवळणी पडत नाही.

सब्जेक्ट ओळखायला एक चाचणी आहे: वाक्याच्या शेवटी टॅग जोडून बघायचा. 'वी मस्ट रिमूव्ह धिस कॉन्ट्रॅडिक्शन, मस्टन्ट वी?' टॅगमध्ये जे सर्वनाम येतं तो सब्जेक्ट, आणि जे क्रियापद येतं ते फायनाइट. चाचणी फर्मास, पण आपल्या इंग्रजीला ती जरा अवघडच. आपण सगळ्या वाक्यांना सरसकट 'इजन्ट इट?' नाहीतर सरळ 'ना?' लावून मोकळे होतो. मी दर वाक्याचा टॅग मोठ्याने म्हणून बघायचे. घरच्यांना वाटलं, तोंडी परीक्षेची तयारी चाललीय.

मग एक्सेल उघडून वाक्यं तोडायला घेतली. उपवाक्य संपलं की दोन उभ्या रेघा, आणि नामपदाच्या पोटात दडलेलं उपवाक्य दुहेरी चौकटी कंसात. ही कंसांची भानगड नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर ठरतात. 'दोज हू सफर फ्रॉम इनइक्वॉलिटी विल ब्लो अप द स्ट्रक्चर' यात 'हू सफर फ्रॉम इनइक्वॉलिटी' हे स्वतंत्र मोजायचं नाही. ते 'दोज'ला चिकटलेलं आहे. 'विषमतेचे चटके सोसणारे' हा सगळाच्या सगळा सब्जेक्ट. टॅग लावला की लगेच पटतं: 'वोन्ट दे?' त्या 'दे'मध्ये अख्खं नामपद मावतं.

अशी तोडणी करून आठ वाक्यांतून बारा उपवाक्यं निघाली. त्यातल्या एकाला फायनाइटच नाही: 'बाय पुटिंग अवर पोलिटिकल डेमॉक्रसी इन पेरिल'. फायनाइट नाही म्हणजे मूडचा गट नाही, नुसता रेसिड्यू. हे वेगळं उपवाक्य धरायचं की आधीच्याचाच ॲडजंक्ट, यावर मॅडमचं आणि माझं बराच वेळ चाललं. मी वेगळं धरलं आणि तसं तळटीपेत लिहून टाकलं. कोणती बाजू घेतली यापेक्षा सगळीकडे तीच घेतली का, हे तपासणाऱ्याला बघायचं असतं.

सर्वात जास्त वेळ खाल्ला तो 'विल' आणि 'शॅल' यांनी. 'इन पॉलिटिक्स वी विल हॅव इक्वॉलिटी' इथे 'विल', आणि दोनच उपवाक्यांनंतर 'वी शॅल... कंटिन्यू टू डिनाय'. जुन्या ब्रिटिश नियमाप्रमाणे प्रथम पुरुषात साध्या भविष्यकाळाला 'शॅल'. पण मग 'विल' का? हॅलिडेंच्या तक्त्यात 'विल' काळाच्या रकान्यातही आहे आणि मोडॅलिटीच्याही (म्हणजे शक्यता, इच्छा, सक्ती असा बोलणाऱ्याचा कल), त्यामुळे नुसत्या शब्दाकडे बघून काही ठरत नाही. विधानांमध्ये मी दोन्ही काळच धरले. पण 'हाउ लाँग शॅल वी कंटिन्यू टू लिव्ह धिस लाइफ ऑफ कॉन्ट्रॅडिक्शन्स?' या प्रश्नात मला नुसता काळ मान्य होईना. किती वर्षं लागतील याचा अंदाज इथे कुणी विचारत नाहीये. आपण हे किती काळ चालू देणार, असं विचारलंय, म्हणजे प्रश्न आपल्या इच्छेवर रोखलेला आहे. म्हणून या आणि लगेच पुढच्या, तशाच 'हाउ लाँग शॅल वी'ने सुरू होणाऱ्या प्रश्नात 'शॅल' मोडल, म्हणजे कल सांगणारं धरलं. मांडणीतही गंमत आहे: 'हाउ लाँग' हा ॲडजंक्ट रेसिड्यूतला, पण तो पुढे आल्यामुळे रेसिड्यू दुभंगतो आणि मूडचा गट मधोमध अडकतो.

तक्ता भरला आणि मग रकाने वरून खाली वाचले. हे जरूर करा, आडवं वाचून काही हाती लागत नाही. ध्रुवतेचा, म्हणजे होकार की नकार याचा रकाना सरसकट होकारी निघाला. अकराच्या अकरा फायनाइटमध्ये एकदाही 'नॉट' नाही, इतक्या कडक इशाऱ्यात! सगळा नकार 'डिनाय' या क्रियापदात जाऊन बसलाय, तीन वेळा. समता नाकारणं हे न घडलेलं काही नाही, आपण रोज करत असलेलं कृत्य आहे, असा त्याचा अर्थ मी लावला.

आज्ञार्थी उपवाक्यही एक नाही. जे करून घ्यायचंय ते 'वी मस्ट रिमूव्ह' अशा विधानातून, सर्वात वरच्या पट्टीचं 'मस्ट' वापरून. समोरच्याला 'करा' म्हटलं की सांगणारा वेगळा आणि करणारा वेगळा होतो. इथे मसुदा समितीचे अध्यक्ष स्वतःलाही त्याच 'वी'त धरतात.

पण खरा ऐवज सब्जेक्टच्या रकान्यात होता. वी, वी, वी... फायनाइट असलेल्या सलग दहा उपवाक्यांत. हॅलिडे म्हणतात, विधान खरं ठरण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकलेली असते तो सब्जेक्ट. राजकारणात समता असेल, ती 'वी'च्या जबाबदारीवर. समाजात ती नाकारली जाईल, तीही 'वी'च्याच. आणि अकराव्या, अगदी शेवटच्या उपवाक्यात एकदम सब्जेक्ट बदलतो: विषमतेचे चटके सोसणारे. ते 'वी'चे भाग आहेत की बाहेरचे, हे वाक्य सांगत नाही. एवढंच कळतं, की 'वी'ने 'मस्ट' पाळलं नाही तर सूत्रं त्यांच्या हातात जातील, आणि त्यांच्या क्रियापदाला 'मे' किंवा 'माइट' नाही, सरळ 'विल' आहे. हे भाषण मी कितीतरी वेळा वाचलं होतं, जयंतीच्या कार्यक्रमांत ऐकलंही होतं. हा सांधा मात्र तक्त्यातच दिसला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी अपेक्षेप्रमाणे 'शॅल'वरच बोट ठेवलं. माझी कारणं शांतपणे ऐकून घेतली, पटली की नाही ते सांगितलं नाही. मग त्याच भाषणातलं दुसरं एक वाक्य फळ्यावर लिहायला लावलं: 'द फर्स्ट थिंग इन माय जजमेंट वी मस्ट डू इज टू होल्ड फास्ट टू कॉन्स्टिट्यूशनल मेथड्स...' आणि म्हणाले, "याचा टॅग?" इथे 'मस्टन्ट वी' चालत नाही. 'वी मस्ट डू' हे सब्जेक्टच्या पोटात शिरलंय, फायनाइट आहे 'इज', त्यामुळे टॅग होतो 'इजन्ट इट'. म्हणजे वाद घालायचाच तर 'पहिली गोष्ट कुठली' यावर घाला. काहीतरी केलंच पाहिजे हे 'मस्ट' आधीच गृहीत धरून झालंय. सर म्हणाले, हा उतारा पुढच्या कामाला घ्या. घेतलाय. त्यातली पोटातली उपवाक्यं सोडवताना सध्या एक्सेलचे रकाने कमी पडतायत.