तुम्ही विचारलंत म्हणून: टोचलं तरी नाक गळतंच, मग लस कशाला?

२०२१ मध्ये न्यूमोकोकलची लस आपल्याकडे सरकारी लसीकरणात आली, तेव्हापासून हर्णैच्या आजूबाजूच्या वाड्यांतून हा एकच प्रश्न ऐकते आहे. अंगणवाडीत, बंदरावर, एसटीतसुद्धा. "सिस्टर, तिन्ही डोस घेतले, तरी पोराचं नाक गळतंच आहे." आधी मी "चांगली असते, घ्या" एवढंच म्हणून पुढच्या बाळाकडे वळायची. ते उत्तर नव्हतं.

नाक गळतं ते बहुतेक वेळा विषाणूंमुळे, आणि ही लस त्यांच्यासाठी नाहीच. ती न्यूमोकोकस जिवाणूसाठी आहे. हा जिवाणू हसत्याखेळत्या पोरांच्याही नाकाच्या मागच्या भागात मुक्काम करून असतो, बहुतेकदा काही त्रास न देता. सर्दीनं आतलं अस्तर दुखावलं की मात्र कानात, छातीत, कधी रक्तात उतरतो. त्या ओल्या अस्तरावर शरीराचा पहारा असतो. आयजीए नावाची प्रतिपिंडं तिथे पाझरतात, आईच्या दुधातूनही येतात. पण ती कापून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, या जिवाणूकडे असतं. वर त्याला साखरेचं कवच, आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेविरुद्ध नीट लढू शकत नाही. म्हणून लशीत ती साखर प्रथिनाला जोडलेली असते. टोचल्यावर रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं थोडी नाकापर्यंतही झिरपतात आणि या जिवाणूच्या लशीत असलेल्या प्रकारांना तिथे घर करू देत नाहीत. नातवाच्या नाकात जिवाणू नसला तर त्याच्याकडून आजीलाही मिळत नाही. पण एकूण प्रकार शंभराच्या आसपास, आणि पुण्याच्या सीरमच्या लशीत १०. म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही असं मी सांगत नाही. पूर्वी सांगायची, ते चुकलं.

आणखीही एक चुकलं. जुलै २०२२. होड्या झापांनी शाकारलेल्या, सत्राला बाहेर ओसरीपर्यंत रांग. नऊ महिन्यांचा मुलगा, दोन डोस झालेले, तिसरा द्यायचा होता. आई म्हणाली, "सर्दी आहे हो त्याला, पुढच्या वेळी घेऊ." साध्या सर्दीत लस देता येते हे मला पाठ होतं. तरी मी "बरं" म्हटलं आणि कार्डावर पेन्सिलीनं पुढच्या महिन्याची तारीख लिहिली.

अठरा दिवसांनी, रात्री, त्याचे आजोबा बॅटरी घेऊन दारात. त्यांच्या घरात चूल ओल्या लाकडांनी धुमसत होती. आजीनं छातीवर ओव्याची पुरचुंडी ठेवली होती. ती उचलून झबलं वर केलं. पोट उडत होतं. दर श्वासाला फासळ्यांखालची जागा आत खेचली जात होती. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं: ६८. या वयाला ५० म्हणजेच धोका. चुकले असेन म्हणून परत मोजलं. ७०. त्या दुसऱ्या मिनिटात घरात कुणी बोललं नाही, पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

नऊ दिवस रुग्णालयात, त्यातले चार ऑक्सिजनवर. पोर वाचलं. घरी आल्यावर त्याच्या आईनं मला एकदाच विचारलं, "त्या दिवशी टोचलं असतं तर?"

मी म्हणते, दोन डोस होतेच. कोणत्या जंतूनं झालं ते कळलं नाही. विषाणूही असेल, लशीबाहेरचा प्रकारही असेल, आणि त्या चुलीचा धूर होताच. यातलं काहीही खोटं नाही. पण हे सगळं मी मनात इतक्या वेळा म्हटलंय, की आता ते मी स्वतःच्या बचावासाठीच म्हणते असं वाटतं. तिला मी "माहीत नाही" म्हटलं. आजही तेच म्हणेन.

सप्टेंबरात ती त्याला घेऊन आली. तेव्हाही त्याचं नाक गळत होतं. तिनं पदरानं ते पुसलं, मांडी घट्ट धरली, आणि मी टोचलं.