रातीला घरात झोपावं का अंगणात?

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात पांगरा शिंदे नावाचे गाव आहे. या गावात आणि त्याच्या आसपासच्या शिवारात जमिनीखालून आवाज येतात, ही गोष्ट मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांना आता नवी राहिलेली नाही. ‘गूढ आवाज’ हा शब्दप्रयोग तर बातमीदारांनी एवढा वापरला आहे की आवाज समजला तरी गूढ काही जायला तयार नाही. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास या परिसराला ४.५ आणि पाठोपाठ ३.६ रिश्टरचा असे दोन धक्के बसले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या भागातल्या काही गावांनी मला ‘काय चाललंय ते समजावून सांगा’ म्हणून बोलावले.

पहिल्या गावातले माझे व्याख्यान साफ फसले. मारुतीच्या सभामंडपात पांढरे धोतर ताणून पडदा केला होता, प्रोजेक्टर तालुक्याहून आणला होता आणि मी भूपट्टांच्या नकाशापासून आरंभ करून भारतीय पट्ट आशियाला कसा ढकलत आहे, त्यामुळे हिमालय कसा उंचावला आणि त्या दाबाचा ताण दख्खनच्या पोटातल्या जुन्या भेगांवर कसा येतो, हे सारे चाळीस मिनिटे क्रमवार सांगितले. त्यात चुकीचे एक वाक्य नव्हते. माणसे अदबीने बसून राहिली आणि शेवटी ‘कुणाला काही विचारायचे आहे का’ असे म्हटल्यावर खांबाला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारले, “ते समदं खरं असंल सर, पर रातीला घरात झोपावं का अंगणात, तेवढं सांगा.”

या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. मी ‘भूकंपाचे भाकीत करता येत नाही’ एवढे म्हणालो आणि आजींनी मान हलवली; ती मान पटल्याची नव्हती, पुढचे विचारण्यात अर्थ नाही हे उमगल्याची होती. त्या मानेची मला ओळख होती, कारण तीस वर्षांपूर्वी ती आमच्या घरातल्या माणसांनी हलवलेली मी पाहिली आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि आमचे गाव निलंगा तालुक्यात होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. पुढच्या महिन्यात आम्ही शेतात पाल ठोकून राहिलो आणि त्या महिन्यात आमच्या भागात जेवढ्या जीपगाड्या आल्या तेवढ्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. शिवारात यंत्रे पुरली गेली, वहीत आकडे लिहिले गेले, पण आमच्या बांधावर येऊन आमच्याशी पाच मिनिटे कोणी बोलले नाही. एकदा वडिलांनी जीपमधल्या एका साहेबांना ‘पुन्हा होईल का’ असे विचारले, तेव्हा ‘अभ्यास चालू आहे’ असे उत्तर मिळाले. अभ्यास चालू होता हे खरेच होते. मात्र त्या उत्तरानंतर जी रिकामी जागा उरली ती अफवांनी भरून काढली: इथे ज्वालामुखी फुटणार, अमुक तिथीला जमीन खचणार, तमुक देवीचा कोप झाला. मी भूशास्त्राकडे वळलो त्याचे मूळ त्या पालात आहे; पण मीही गावात जाऊन साहेबांचेच उत्तर देऊन आलो, हे परतीच्या एसटीत ध्यानात आले.

दुसऱ्या गावी प्रोजेक्टर नेला नाही. आरंभीच प्रश्न विचारा म्हटले. पहिला प्रश्न अर्थातच आवाजाचा होता: “जमीन कामून गुरगुरायली?” मंडपात भजनी मंडळाचा पखवाज होता, तो मागून घेतला. भूकंप लहान असला आणि फार खोल नसला की त्यातून निघणाऱ्या सर्वांत वेगवान लहरी जमिनीच्या पृष्ठभागावर येऊन आदळतात आणि पृष्ठभाग पखवाजाच्या पुडीसारखा थरथरतो. फरक एवढाच की इथे थाप खालून बसते. ही थरथर सेकंदाला वीसहून अधिक वेळा झाली तर हवा हलते आणि आपल्या कानाला आवाज ऐकू येतो. मातीच्या जाड थरात अशी जलद कंपने लवकर विरतात, पण आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, तो ती फारशी न गमावता वर आणून पोहोचवतो. म्हणून धक्का जाणवत नाही एवढा लहान असला तरी आवाज येऊ शकतो. हे सांगायला सात-आठ मिनिटे लागली आणि नंतर दोन पोरांनी पखवाजावर ज्वारीचे दाणे टाकून ते उडवूनही पाहिले.

यानंतरचा प्रश्न एका शेतकऱ्याचा होता, खरे तर तो दिलासाच होता: “बारके धक्के बसले की जोर निघून जातो, मंग मोठा होत नाही, असं म्हणतात.” हा समज मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे आणि तो घातक आहे. किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरचा होता. ४.५ च्या धक्क्यातून जी ऊर्जा बाहेर पडते ती त्याच्या सुमारे साडेतीनशेवा हिस्सा असते. म्हणजे जमिनीतला तेवढा जोर लहान धक्क्यांनी काढायचा तर ४.५ चे साडेतीनशे धक्के लागतील. एक-दोन धक्क्यांनी काहीच रिते होत नाही. याचा अर्थ मोठा भूकंप येणारच असाही नाही. जगभरात लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका काहीही न होता विरून जातात. पण किल्लारी परिसरातही १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये धक्क्यांची अशी मालिका येऊन गेली होती आणि ती थांबल्यावर माणसे पुन्हा घरात झोपू लागली होती.

नेमक्या याच समजापायी इटलीत एक खटला उभा राहिला होता. लाक्विला शहराला काही महिने लहान धक्के बसत होते. ३१ मार्च २००९ रोजी तिथे तज्ज्ञांची बैठक झाली आणि त्याच सुमारास एका सरकारी अधिकाऱ्याने, धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडत असल्याने परिस्थिती अनुकूलच आहे, असे वाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर सांगितले. सहा दिवसांनी, ६ एप्रिलच्या पहाटे, ६.३ चा भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसे मेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना सहा वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली; २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. ‘भाकीत केले नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंग’ अशी बातमी जगभर पसरली, पण खटल्याचा रोख भाकितावर नव्हता, धोका कसा सांगितला गेला यावर होता. धक्का बसला की बाहेर चौकात जाऊन रात्र काढण्याची तिथल्या लोकांची जुनी रीत होती आणि दिलासा मिळाल्यामुळे त्या रात्री काही कुटुंबे घरातच थांबली, असे त्यांच्या नातलगांचे म्हणणे होते. शास्त्रज्ञांना तुरुंगात धाडणे मला कधीच पटले नाही. तरीही गावात बोलायला उभा राहिलो की ती बैठक मला आठवते, कारण शास्त्रज्ञ बोलला नाही तर त्याच्या जागी कोणी तरी बोलतोच आणि तो सहसा दिलासाच देतो.

तिसऱ्या गावात एका तरुणाने विचारले की हे सारे औंढ्याच्या ‘लायगो’मुळे तर होत नाही ना. मागे बसलेले काही जण हसले. मला हसू आले नाही. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. आपल्या शिवारात एवढ्या खर्चाचे काही येते आणि ते नेमके काय आहे हे नीट ठाऊक नसते, तेव्हा संशय येणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातील मंडळींनी या भागातल्या शाळांत जाऊन हे समजावण्याचे काम केले आहे, पण शाळेतले घरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. मी त्याला सांगितले की हे यंत्र जमिनीत काहीही सोडत नाही, ते फक्त ऐकते. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेसरचा प्रकाश फिरवायचा आणि दूरच्या अवकाशातून लहर आली की त्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असा जो फरक पडतो तो मोजायचा, एवढेच त्याचे काम. जमिनीची थरथर या यंत्राला सर्वांत अधिक छळते. त्यावर तो म्हणाला, “म्हंजी आपल्याहून जास्त भ्या त्यालाच.” मला स्वतःला हे इतक्या थोडक्यात सांगता आले नसते.

धरणाचा प्रश्न मात्र प्रत्येक गावात आला. येलदरी आणि सिद्धेश्वरचे पाणी जवळ असल्यामुळे तो येणारच, आणि तो अडाणीपणाचा तर मुळीच नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप हे जलाशयाच्या पाण्याने भूकंप घडण्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. किल्लारीनंतर माकणीच्या निम्न तेरणा धरणाकडेही बोट दाखवले गेले होते. अशा वेळी ‘संबंध नाही’ असे ठोकून देणे सोपे असते. मी तसे करत नाही. जलाशयाच्या पातळीची आणि धक्क्यांची नोंद वर्षानुवर्षे शेजारी मांडावी लागते आणि धक्के पातळीच्या चढउतारामागून येतात का ते पाहावे लागते, असे मी सांगतो.

डॉ. जयंत नारळीकर व्याख्यानानंतर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी सहीनिशी उत्तर पाठवीन. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. त्यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की आधी प्रश्न, मग सही. शिवाय पोस्टकार्डावर पाल्हाळ लावायला जागाच नसते.

त्या आजींच्या गावी मी पावसाळ्याआधी पुन्हा गेलो. घर दाखवा म्हटले. दगडमातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, वर पत्रे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले मोठाले दगड आणि भिंतीला लागून अंथरूण. किल्लारीत माणसे मारली ती अशा भिंतींनी आणि माळवदाच्या मातीने. त्या भिंती म्हणजे दोन तोंडे आणि मध्ये भरलेला भुगा. दोन्ही तोंडांना बांधून धरणारे आरपार लांब दगड नसले की धक्क्यात भिंत उभी फाटते आणि आत-बाहेर कोसळते. आजींना सांगितले: पत्र्यावरचे दगड आजच उतरवा आणि पत्रे हुकाने आवळून घ्या, अंथरूण भिंतीपासून आणि भांड्यांच्या मांडणीपासून दूर घाला, दाराच्या वाटेत पोती ठेवू नका, मागच्या खोलीच्या भिंतीला चीर गेली आहे, ती नीट बांधून होईपर्यंत तिथे कोणीही झोपू नका. पुढच्या खोलीत झोपा. अंगणात विंचूकाट्याचे भय रोजचेच आहे.

“मंग हे मागल्या टायमाला कामून सांगितलं नाही?” आजींनी विचारले. मी खरे ते सांगितले, की मागच्या वेळी तुमचे घर पाहिले नव्हते.

निघताना त्यांच्या नातवाने शाळेची एक जुनी वही आणून दाखवली. दोन वर्षांपासून आवाज आला की त्यात तो वार, वेळ आणि थोडा तपशील लिहून ठेवत होता. २१ मार्चच्या नोंदीत होते: ‘सकाळी सहा वाजून आठ मिनिट, मोठा, भांडे पडले. दहा मिनिटांनी अजून एक, बारका.’ सरकारी नोंदीशी ताडून पाहिले तर फरक एका मिनिटाचा होता. त्याच्या वहीत मात्र जवळजवळ चाळीस आवाज असे आहेत की जे कोणत्याही यादीत नाहीत. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राला जाणवलेला धक्का कसा कळवायचा ते त्याला दाखवले आणि वहीत दोन रकाने वाढवून दिले: आवाज कोणत्या दिशेने आला आणि तेव्हा तू कुठे होतास. गेल्या आठवड्यात त्याने पहिली सहा पाने पाठवली आहेत. आमच्या विभागातले दोन विद्यार्थी ती नकाशावर मांडत आहेत आणि त्यातल्या तीन नोंदींबद्दल त्याला विचारायचे प्रश्न आम्ही लिहून काढले आहेत.