कार्बन फायबरची गिटार आणि कोकणातला पावसाळा

लाकडी अकूस्टिक गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. कोकणात पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या वर असते. स्प्रूस या लाकडाचा पातळ टॉप (समोरची फळी) फुगतो, त्यावरचा ब्रिज (तारा जिथे बांधतात तो भाग) उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात आणि एफ बारकॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायचा कॉर्ड) दाबताना बोटं दुखतात. कार्बन फायबरचं कापड आणि इपॉक्सी यांचा टॉप ओलाव्याने हलत नाही. हवाईत सुरू झालेल्या रेनसाँग या गिटार कंपनीने तर टॉपखालचे ब्रेसच (आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) काढून टाकले. नाद थोडा काचेसारखा स्वच्छ येतो. रोझवूड लाकडाच्या नादाचा उबदारपणा हवा असेल त्यांनी आधी वाजवून पाहावी.

घेताना नेकमध्ये ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) आहे का, हे नक्की विचारा. काही मॉडेल्समध्ये तो नसतो. मग नेकचा बाक बदलता येत नाही, तारांची उंची बदलायला हाती उरतं फक्त सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी.

बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेची उंची साधारण 2.5 मिमी आणि बारीक ई तारेची 2 मिमी असावी. तिथे 0.5 मिमी कमी करायचं तर सॅडल 1 मिमी घासावं लागतं. पेन्सिलने रेघ मारा, सपाट काचेवर 240 नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि खालची बाजूच घासा. ती जराही गोलाकार झाली, की खालच्या पिएझोवर (तारांचं कंपन अँपकडे पाठवणाऱ्या पिकअपवर) दाब असमान पडतो आणि एखादी तार अँपवर दबलेली ऐकू येते.

तारा मात्र गंजतातच. वाजवून झालं की पुसा.