३५४ किलोमीटर वरचं जेवण

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझी भाची फ्लोरिडात फिरायला गेली होती. तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा लातुरात रात्रीचे दहा वाजायला आले होते आणि मी दुसऱ्या दिवशीची मटकी भिजत घालत होते. "आत्या, हात पूस आणि नीट बघ," म्हणाली आणि तिनं फोन जमिनीकडं वळवला. पायाखाली एक गोल खिडकी, त्यात एपकॉटचं सगळं आवार लहान लहान होत चाललेलं. मग फ्लोरिडाचा किनारा, मग निळं पाणी, मग पृथ्वीची गोलाई. वरच्या खिडकीत एक अंतराळ तळ जवळ येत होता. मिनिटभराचा प्रवास तो. मी ओले हात तसेच धरून उभी होते.

त्या ठिकाणाचं नाव स्पेस २२०. अमेरिकेत ऑर्लँडोजवळ डिस्नेचं एपकॉट नावाचं मोठं पार्क आहे, १९८२ पासूनचं. तिथं 'मिशन: स्पेस' या राइडला लागून हे रेस्टॉरंट २० सप्टेंबर २०२१ ला उघडलं. घोषणा २०१७ मध्येच झाली होती, पण मधे कोरोना आला आणि काम लांबलं. कल्पना अशी, म्हणजे सगळं पडद्यावरचं सोंग, की आपण 'स्टेलरवेटर' नावाच्या लिफ्टनं २२० मैल वर सेंटॉरी नावाच्या अंतराळ तळावर जायचं आणि पृथ्वीकडं बघत जेवायचं. २२० मैल म्हणजे ३५४ किलोमीटर. आमच्या लातूरहून पुणं जेवढं लांब, जवळपास तेवढंच, फक्त सरळ वर.

मी अंतराळवेडी आहे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा वर गेले तेव्हा मी औशाला पाचवीत होते. गुरुजींनी शाळेच्या रेडिओवरची बातमी आम्हाला दोनदा ऐकवली होती. पुढं शिक्षण सुटलं, लग्न झालं. गेली एकोणीस वर्षं मी क्लासेसच्या मुलींसाठी मेस चालवते. नीट आणि जेईईच्या मुली, नांदेड, परभणी, बीड, कुठकुठून आलेल्या. तेव्हा अंतराळ आणि जेवण ही माझ्या आयुष्यातली दोन्ही दालनं एकाच खोलीत आणून ठेवणारी जागा कुणी बांधली म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्या दिवसापासून जाऊन आलेल्यांची मतं ऐकायला लागले, व्हिडिओ बघायला लागले, आणि मेसच्या पंगतीत रोज त्यावर वाद सुरू झाला.

लोकांची मुख्य तक्रार एकच: खिडकीचे पैसे घेतात, जेवण साधंच. सुरुवातीला दुपारचं दोन पदार्थांचं ताट ५५ डॉलरचं आणि रात्रीचं तीन पदार्थांचं ७९ डॉलरचं होतं. सुटं काही मागवायचं नाही, ठरलेलंच घ्यायचं. दुपारच्या ताटाचे आजच्या हिशेबानं साडेचार हजार रुपयांच्या वर जातात. यावर जुन्या जाणत्यांचा तोडगा असा की आत लाउंज आहे तिथं बसा, थोडकं मागवा, खिडक्या त्याच.

मी एकोणीस वर्षं वाढते आहे, म्हणून मला यात बोलायचा अधिकार आहे असं मी धरते. खिडकीचे पैसे घेतले तर चुकलं काय? जेवण ताटापासून सुरू होत नाही. आमच्या मेसमध्ये एका वर्षी जागा वाचवायला मी बाकं भिंतीकडं तोंड करून लावली होती. भाजी तीच, हात तोच, तरी मुली अर्धी भाकरी टाकून उठायला लागल्या. पंधरा दिवसांनी बाकं परत लिंबाच्या झाडाकडं फिरवली, आणि परातीत शिळं उरणं बंद झालं. ज्यांनी ती लिफ्ट बांधली त्यांना हे नेमकं कळलेलं आहे. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर लगेच टेबल येत नाही. आधी एक मोठं फिरतं चाक लागतं, त्यात भाजीपाला लावलेला. हे इथं वर पिकतं, असं दाखवणारं. भाची म्हणाली, तिच्या पुढं उभा असलेला एक लहान मुलगा त्या चाकापाशी इतका वेळ थांबला की रांग खोळंबली, आणि कुणी त्याला पुढं ढकललं नाही.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. माझ्या पंगतीतली परभणीची एक मुलगीच म्हणाली, "काकू, हे चुकलंय बघा. तिथं ताटं तरंगायला पाहिजेत." तिच्या शेजारी सेलूची एक अबोल पोरगी बसते. तिनं जेवता जेवता डाव्या हातानं वहीच्या पाठीमागं गणित मांडलं. ३५४ किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत नाही, जमिनीवरच्या नव्वद टक्के असतंच. खऱ्या अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात ते ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानं पृथ्वीभोवती सतत पडत असतात म्हणून. पण हा तळ लिफ्टच्या टोकावर, फ्लोरिडाच्या डोक्यावर एका जागी उभा आहे. तो फिरतच नाही. मग ताट टेबलावरच राहणार, माणूस खुर्चीतच बसणार. "म्हणजे बरोबर आहे ते," ती म्हणाली आणि पुन्हा वरणात भाकरी कुस्करायला लागली. (खरी अंतराळ-लिफ्ट मात्र एवढ्यावर थांबवता येत नाही, तिची दोरी ३६ हजार किलोमीटरच्याही पलीकडं न्यावी लागेल, हेही तिनंच सांगितलं.) मला त्या दिवशी फार आनंद झाला. बांधणाऱ्यांनी हे ठरवून केलं असो वा नसो, तिथं नीट मांडी ठोकून जेवता येतं आणि ते शास्त्राला धरून आहे.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळाच आहे. पदार्थांच्या पायऱ्यांना नावं सुरेख दिली आहेत: आधी 'लिफ्ट-ऑफ', मग 'स्टार कोर्स', शेवटी गोड ते 'सुपरनोव्हा स्वीट्स'. सुरुवातीच्या कार्डावर 'ब्लू मून कॉलीफ्लॉवर', 'बिग बँग बुराटा' असे पदार्थ होते. पण नावं बाजूला ठेवली की खाली शहरातल्या कुठल्याही चांगल्या हॉटेलातलं जेवण उरतं. एवढा प्रवास करून वर नेता, मग वरची माणसं काय खातात ते का नाही वाढत? त्याची गोष्ट केवढी मोठी आहे! पाव तिथं चालत नाही, चुरा उडून डोळ्यात आणि यंत्रांत जातो. १९८५ मध्ये मेक्सिकोचे अंतराळवीर रोदोल्फो नेरी वेला यांनी सोबत तॉर्तिया नेल्या आणि तेव्हापासून तीच मऊ पोळी वरची भाकरी झाली. मीठ आणि मिरपूडसुद्धा पातळ करून नेतात. अंगातलं पाणी डोक्याकडं चढतं, नाक चोंदतं, चव बोथट होते, म्हणून वरच्या लोकांना झणझणीत लागतं. आणि हे रेस्टॉरंट उघडलं त्याच २०२१ सालच्या ऑक्टोबरअखेरीस खऱ्या स्थानकात पिकवलेल्या मिरच्या तोडून तिथल्या मंडळींनी टाको करून खाल्ले! खाली फिरत्या चाकात दाखवायची भाजी, आणि वर खरोखर तोडलेली मिरची. ही मिरची त्या ताटात यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचंही आहे की. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला वर गेले तेव्हा गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले. आणि तिथं त्यांनी मूग आणि मेथीला मोड आणून बघितले. मेथी! ती बातमी वाचली त्या दिवशी मी मेसमध्ये मेथीचीच भाजी केली आणि वाढताना प्रत्येकीला सांगितलं.

त्यावरून डोक्यात आलं की प्रवासाचं जेवण कसं असावं हे मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. आमच्या आजी पंढरपूरला निघाल्या की धपाटे बांधून घ्यायच्या. ज्वारीचं पीठ, थोडं गव्हाचं, थोडं बेसन, लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे बोटानं भोक पाडायचं आणि फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घालायचं. गार झालं तरी मऊ, दोन दिवस टिकतं, मोडलं तरी चुरा पडत नाही. मी करून बघितलं. एक भाकरी आणि एक धपाटं शेजारी ठेवून पांढऱ्या कागदावर मोडलं. भाकरीखाली पिठाची रांगोळी झाली. धपाट्याखाली दोन तीळ पडले, बस्स. तॉर्तियाच्या रांगेत हे बसतं, आणि चोंदलेल्या नाकालाही लसूण-मिरची कळते. भाचीला मी तो फोटो पाठवला. ती म्हणाली, "आत्या, पुढच्या वेळी तुला घेऊन जाते, दोन महिने आधी टेबल धरू." मी पासपोर्टचा फॉर्म भरला आहे.

मागच्या शनिवारी मुलींना धपाटे आणि दही केलं होतं. सेलूच्या त्या पोरीनं मोबाइलवर बघून ठेवलं होतं की संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अंतराळ स्थानक लातूरवरून जाणार. सगळ्या जणी हातात धपाटं घेऊन गच्चीवर आल्या. पश्चिमेकडून तो ठिपका निघाला, न लुकलुकता, विमानासारखा आवाज नाही, सरळ डोक्यावर आला. कुणी बोलत नव्हतं. मग परभणीची ती मुलगी हळूच म्हणाली, "काकू, ते आत्ता काय करलाले असतील?"

वरची घड्याळं ग्रिनिचच्या वेळेवर चालतात. मी बोटांवर साडेपाच तास मागं मोजले. दुपारचे एक चाळीस.

"जेवलाले असतील," मी म्हणाले.