कल्पांची टेकडी

गेटिसबर्ग, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या मोठ्या लढाईचं पेनसिल्व्हेनियातलं गाव. तिथे या वेळी तिसऱ्यांदा गेले, ती फक्त कल्प्स हिल या टेकडीसाठी. आधी दोनदा सगळे बघतात तेच बघून परतले होते: दक्षिणेचा सेनापती पिकेट याच्या हल्ल्याचं मैदान आणि लिंकन बोलले ती दफनभूमी. ही टेकडी गावाला अगदी लागून आहे. दाट झाडी, मधेच खोलीएवढाले दगड. उत्तरेच्या सैनिकांनी ओंडके रचून, माती ओढून घातलेले बांध अजून ओळखू येतात. पाचोळ्याखाली बुजलेत, काही ठिकाणी तर मी सहज ओलांडून गेले.

१८६३ मध्ये ही जमीन हेन्री कल्प या शेतकऱ्याची होती. पायथ्याशी त्याचं घर आणि कोठार. त्याच्याच भावकीतला वेस्ली गेटिसबर्गमध्येच वाढला आणि बग्ग्या बनवणाऱ्याकडे कामाला लागला. मालकाने धंदा व्हर्जिनियातल्या शेपर्ड्सटाउनला हलवला, तसा हाही गेला. तिथेच रमला. युद्ध पेटलं तेव्हा सोबत्यांबरोबर दक्षिणेच्या दुसऱ्या व्हर्जिनिया पलटणीत भरती झाला. थोरला भाऊ विल्यम उत्तरेकडून, ८७ व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीत.

माणसांना गुलाम ठेवण्यासाठी दक्षिण लढत होती, आणि वेस्लीने त्या बाजूने बंदूक धरली. हे मला पुसट करायचं नाही. पण मी दोन भावांची बहीण आहे, त्यामुळे माझं मन सारखं अ‍ॅन आणि ज्युलिया या त्याच्या बहिणींकडे जातं.

१८६३ च्या जूनमध्ये विंचेस्टरला दोघा भावांच्या पलटणी समोरासमोर आल्या. तिथे वेस्लीला गावातला जुना मित्र जॅक स्केली भेटला, जखमी आणि कैदेत. जॅकने गावातल्या जेनी वेडसाठी निरोप दिला, असं सांगतात. पंधरवड्यात वेस्लीची पलटण खुद्द गेटिसबर्गलाच येऊन ठेपली. तो बहिणींच्या घरी जाऊन आला, हीही गावाने जपलेली आठवण. शत्रूचे कपडे घातलेला भाऊ दारात! त्यांनी आधी त्याला जेवलास का विचारलं असेल, की हे काय करून बसलास म्हणून? माझ्या तोंडून दोन्ही एकदम निघालं असतं.

मग तो परत पलटणीत गेला आणि या टेकडीच्या परिसरातच मारला गेला. काही नोंदी २ जुलै म्हणतात, काही ३. वय चोविसाच्या आसपास. ३ तारखेच्या सकाळी जेनी बहिणीच्या घरात पावाची कणीक मळत होती. दारातून आरपार आलेल्या गोळीने ती गेली. जॅक १२ जुलैला गेला. निरोप तसाच राहिला.

हेन्रीच्या घरात आणि कोठारात दक्षिणेचे जखमी आणून ठेवले होते. लढाई थांबल्यावर वेस्लीच्या घरच्यांनी त्याला खूप शोधलं. लहानपणापासून पायाखालची टेकडी, पण जागोजाग घाईघाईत पुरलेली माणसं. त्याचा देह कधीच सापडला नाही. हाती लागला तो बंदुकीचा तुटका लाकडी दस्ता, असं घरातले सांगत आले. त्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं.