मनात एक आकडा धर

एक ते दहामधला एक आकडा मनात धर, असं कुणालाही सांगून बघा. मोठी माणसं बहुतेक वेळा सातवर येऊन थांबतात. हे जगभर चालतं, त्यामुळे सोलापूरकरांनी याचं श्रेय लगेच सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांना देऊ नये. एक, नऊ आणि दहा पडले कडेला, पाच बरोब्बर मध्ये, सम आकडे फारच सरळमार्गी, तीन म्हटलं की तिगाडा. उरतो सात. म्हणजे ‘सहज सुचला’ म्हणून सांगितलेला आकडा चांगला चाळून-पाखडून आलेला असतो.

लेकरं असला खटाटोप करत नाहीत. जुळे सोलापुरात आमच्या शेजारी पहिलीतली एक पोरगी आहे. तिला विचारलं तर पटकन म्हणाली, “सहा!” का गं? “मी सहा वर्षांची हाय की!” धाकट्या भावाने शंभर मागितले. दहापर्यंतच सांगायचं, असं बजावल्यावर नाइलाजाने दहावर तडजोड केली. आणखी आकडे सांग म्हटलं, तर पोरगी सात, आठ, नऊ करत मोजतच सुटली.

आपण मोठे तरी कुठे शहाणे? वहीत मनानेच दहा वेळा छापा-काटा लिहा. तीन छापे सलग झाले की हात आपोआप काट्याकडे वळतो. खरं नाणं दहादा उडवलं, तर कुठेतरी सलग चार वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. नाण्याला मागचं काही आठवत नाही, आपल्याला आठवतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 4 ते 91 वयाच्या 3400हून जास्त लोकांना असंच काहीबाही, कसलाही क्रम दिसणार नाही असं, मनाने रचायला लावलं होतं. त्यात पंचविशीतली मंडळी सगळ्यांत तरबेज निघाली, साठीनंतर उतार. यावर माझ्या वयाच्या माणसाने फार न बोललेलं बरं.

तरी भिशीची चिठ्ठी उचलायला आपण लेकरालाच हाक मारतो. म्हणे, त्याच्या मनात काही नसतं! नसतं कसं? त्याला सगळ्यांत जाड घडीची चिठ्ठी हवी असते. आमच्या भिशीच्या काकू हे ओळखून आहेत. सगळे कागद एका मापाचे, घड्या सारख्याच, आणि स्टीलचा डबा पोराच्या डोळ्यांच्या वर धरलेला. एवढं करूनही मागच्या खेपेला शेजारच्या त्या शंभरवाल्याने एक उचल म्हटल्यावर मूठभर चिठ्ठ्या काढल्या आणि सोडायलाच तयार होईना.