केळीच्या खोडातला पोटॅश

जळगावात मी केळीच्या खोडापासून सुपरकपॅसिटरचे, म्हणजे झटपट भरणाऱ्या, वीज साठवणाऱ्या उपकरणाचे, इलेक्ट्रोड बनवायचं काम करतो. माल भरपूर, घड कापला की रावेर-यावलकडे खोडं बांधावर पडून सडतात, पण त्यात नव्वद टक्के पाणीच, टेम्पोभर आणलं तरी वाळून पोतं-दोन पोती हातात येतात.

पुढची रीत ठरलेली. वाळलेला भुसा नायट्रोजनमध्ये भाजायचा, हवा लागली तर नुसती राख, मग त्या कोळशात केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) मिसळून 800 डिग्रीला परत भट्टीत. केओएच कार्बन खात खात आत बारीक छिद्रं पाडतं, दोन नॅनोमीटरच्याही आतली, आणि चांगल्या मालाच्या एका ग्रॅमला आतून दोन हजार चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे आपल्या भाषेत चिमूटभर कोळशात 20 गुंठे. चार्ज बसतो तो या पृष्ठभागावर.

त्या दिवशी मात्र केओएच न घातलेलं सँपल चार्ज मोजायच्या मशीनला लावलं होतं, फक्त तुलनेसाठी. ग्राफमधला चौकोन जितका मोठा, तितका चार्ज जास्त. म्हटलं ग्राफ चपटा येणार, पाच मिनिटांत उरकू. तर स्क्रीनवर चक्क चौकोन उघडत गेला! केओएचवाल्याइतका मोठा नाही, पण चांगला ऐसपैस. आधी वाटलं रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) गेला, तो बदलला, मग निकेल फोमवर (निकेलच्या जाळीदार पत्र्यावर) कोळशाचा नवीन लेप देऊन, वाळवून परत लावलं, तरी तेच.

खोडं देणारे काका तेव्हा तिथंच चहा पीत बसलेले. त्यांना सांगितलं की वरून काहीच न टाकता छिद्रं पडली. ते म्हणे, "टाकेल नाही कसं भो, बागेला पोटॅश आम्हीच टाकेल आहे ना, बिल दाखवू का?"

आता हे पुस्तकात मी वाचलेलं होतं, खोडातलं पोटॅशियम भट्टीत कार्बोनेट होतं आणि 700 च्या वर तेच कार्बनला खातं, पण बिलाची गोष्ट डोक्यात आली नव्हती. (याच रिॲक्शनमधून थोडं धातूरूप पोटॅशियमही सुटतं आणि नळीच्या गार टोकाला बसतं, म्हणून भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत आम्ही नायट्रोजन बंद करत नाही आणि पाण्याचा थेंबही जवळ नेत नाही. नवीन पोरांनी हे आधी पाठ करावं.)

काकांचा पुढचा प्रश्न, ते पोटॅश शेवटी जातं कुठं? बेसिनमध्ये. कोळसा आम्ही हायड्रोक्लोरिक ॲसिडनं धुतो, त्यात पोटॅशियम क्लोराइड तयार होतं, म्हणजे तेच ते एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश) खत, जे काका गोणीनं आणतात. काका नुसते बघत राहिले माझ्याकडे.

"आणि याच्यावर मोटर चालंल?" नाही, ते स्पष्टच सांगितलं. सुपरकपॅसिटर काही सेकंदांत भरतो, लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी टिकतो, पण वजनाच्या मानानं लिथियम बॅटरीच्या दहाव्या हिश्शाइतकीही वीज त्यात बऱ्याचदा मावत नाही.

आता कोळशाची पहिली धुलाई साध्या पाण्यानं करून ते पाणी वेगळं कॅनमध्ये धरतोय. माती परीक्षणवाले फ्लेम फोटोमीटरवर पोटॅश मोजतात, त्यांच्याकडून मोजून आणू. केओएच किती कमी करता येईल ते त्या आकड्यावर ठरवायचंय.